नव्या बंदुकीचा फुसका बार

महाड-पोलादपूर भागात घरटी दोन गोष्टी हमखास सापडतात. एक फौजी आणि एक गंजलेली वस्तू. फौजी हयात नसेल तर भिंतीवर त्याचा फोटो असतो, आणि वस्तू गंजलेली नसेल तर तिनं अजून इथला पावसाळा काढलेला नसतो. महाड तालुक्यातल्या एका आंबवड्याला तर लोक ‘फौजी आंबवडे’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धापासून तिथली पोरं पलटणीत जात आली आहेत. सावित्रीच्या खोऱ्यातला पाऊस मात्र फौजी शिस्तीत बसत नाही. रजा संपली तरी तो परत जायचं नाव घेत नाही. त्याच्या मुक्कामात पापडाला बुरशी येते, कमरेच्या पट्ट्याला बुरशी येते, आणि कपाट उघडावं तर लग्नातला कोट हिरवागार होऊन समोर उभा राहतो.

अशा मुलखात कुणी नवी बंदूक आणली की आठवडाभर गावाला दुसरा विषय लागत नाही.

बंदूक म्हणजे अर्थात शेतीसंरक्षणाची. डोंगरउतारावरची नाचणी-वरी आणि खाचरातलं भात पिकायला लागलं की रानडुकरं रात्री येतात आणि वानरं दिवसा. दोन पाळ्यांत कारखाना चालवावा अशी त्यांची सोय असते. त्यांना जागा दाखवायला माणसाला मात्र परवाना लागतो. १९५९ चा शस्त्र कायदा, २०१६ चे शस्त्र नियम, अर्ज, पोलिसांची चौकशी, बंदूक सुरक्षित हाताळायच्या प्रशिक्षणाचा दाखला, अलिबागच्या जिल्हाधिकारी कचेरीचे हेलपाटे. एवढं करून हातात पडलेल्या बंदुकीनं सहसा हवेतच बार काढायचा. डुकरावर चालवायची तर वनखात्याची रीतसर परवानगी वेगळी. डुकरांना यातलं काही लागू नाही. ती विनापरवाना येतात आणि जाताना बांध उकरून जातात.

आमच्या वाडीतल्या एका तात्यांनी हे सगळे सोपस्कार पार पाडून नवीकोरी बंदूक आणली. एकनळी, बारा बोअरची, मधे मोडून काडतूस भरायची. नळीवर निळी झाक, दस्त्यावर पॉलिश. बघायला आलेल्या प्रत्येकानं ती उचलून वजन पाहिलं, एक डोळा मिटून छपराकडं नेम धरला आणि “बरी हाय” असा दाखला दिला. मुंबईहून रजेवर आलेला पुतण्या तेवढा नाराज होता. त्यानं मोबाईलवरच्या खेळात इतक्या बंदुका चालवल्या आहेत की त्याच्या मानानं आख्खं फौजी आंबवडे निःशस्त्र ठरावं.

“काका, ही सेमी-ऑटो नाही? एक गोळी मारली की परत मोडून भरायची? ह्या जमान्यात?”

“मग काय तुला मशीनगन आणू? आरं, वानरं हायत ती.”

त्याला कुणीतरी समजावलं की सेमी-ऑटोमॅटिक रायफल ही आपल्या देशात दुकानात जाऊन पसंत करायची वस्तू नव्हे. आपोआप काडतूस भरणाऱ्या रायफली बहुतेक निषिद्ध वर्गात मोडतात आणि साध्या परवान्यावर मिळत नाहीत. परवान्यावर शस्त्रं ठेवायची तीसुद्धा २०१९ च्या दुरुस्तीपासून जास्तीत जास्त दोनच, आधी तीन चालायची. आमच्या हवेत एक बंदूक गंजापासून वाचवताना माणूस मेटाकुटीला येतो, तेव्हा दुसरीची सवलत सरकारनं कोरड्या जिल्ह्यांसाठी ठेवली असावी.

बंदूक आली ती नेमकी नवरात्रात. खंडेनवमीला घरातली कोयती, विळे, पहार, नांगराचा फाळ असा सगळा सरंजाम पाटावर मांडतात, त्यात यंदा बंदुकीला मधला मान. हळद झाली, कुंकू झालं, अक्षता झाल्या, झेंडूची माळ घातली, नारळ फोडून पाणी शिंपडलं. तात्यांच्या आईनं नातसुनेची दृष्ट काढावी तशी बंदुकीची दृष्ट काढली. मग बंदूक कुलपात गेली.

दसऱ्यानंतर चार-सहा दिवसांत हळवं भात पिवळं पडलं आणि डुकरांना त्याचा सांगावा पोचला. रात्री तात्या शेतातल्या माळ्यावर चढले. खाली खसफस ऐकू आली. तात्यांनी काडतूस भरलं, नळी आभाळाकडं केली, घोडा चढवला, चाप ओढला.

“टक्.”

तेवढंच. पुन्हा घोडा चढवला, पुन्हा “टक्”. डुकरांनी क्षणभर माना वर केल्या आणि काही विशेष नाही असं पाहून पुन्हा भातात घातल्या. फुसका बार निघाला की नळी सुरक्षित दिशेला धरून थोडा वेळ थांबायचं, लगेच उघडायची नाही आणि नळीत तर मुळीच डोकावायचं नाही, हे प्रशिक्षणात घोकून घेतलेलं तात्यांनी तंतोतंत पाळलं. काडतुसातली दारू कधी कधी उशिरा पेट घेते. तात्या श्वास रोखून थांबले. डुकरं थांबली नाहीत. शेवटी नळी मोडायला घेतली तर ती घट्ट, आणि काडतूस जागचं हलेना. ते नखानं उकरून काढेपर्यंत अर्धं खाचर साफ झालं होतं.

सकाळी तात्यांच्या ओटीवर सभा भरली. आपल्याकडं यंत्र बंद पडलं की निदान करणाऱ्यांची कमतरता नसते, हत्याराला हात लावणाऱ्याची असते.

पहिलं निदान झालं ते कंपनीचं. “आताच्या वस्तूंत दम नाय. आमच्या आज्याची ठासणीची बंदूक तीन पिढ्या चालली.” ती ठासणीची बंदूक आता कुठं आहे असं विचारल्यावर ती गंजून गेल्याचं समजलं, पण त्यानं मुद्द्याला बाधा आली नाही. दुसरं निदान काडतुसांचं. पावसाळी हवेत ती सर्दावतात, हे खरंच आहे. जुनी कागदी काडतुसं तर फुगून नळीत शिरायचीच नाहीत, आणि प्लास्टिकच्या काडतुसाची पितळी टोपीही आमच्या हवेत हिरवी पडते. पण तात्यांची काडतुसं नवी होती, डब्यातून कालच काढलेली. तिसरं निदान ग्रामदैवताचं. बंदूक गावात आणताना देवळावरून आणली, पण पायऱ्यांशी थांबली नाही. चौथं निदान पुतण्याचं. त्यानं मोबाईलवर एका अमेरिकी माणसाचा व्हिडिओ लावला. तो भलत्याच रायफलीचे भलतेच भाग टेबलावर मांडून बसला होता. सभेनं तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, कारण त्याचं टेबल फार स्वच्छ होतं.

एवढ्यात हवालदारकाका आले.

हवालदारकाका बेळगावच्या सेंटरला भरती झालेले, पेन्शनीत निघून जमाना झाला. त्यांनी ओटीवर पाऊल टाकलं आणि पाहिलं तर बंदूक भिंतीला टेकवलेली, तिची नळी सभेच्या मधोमध रोखलेली आणि सभा तिच्याकडं तोंड करून चहा पीत बसलेली.

“जांच शस्त्र!”

त्या आवाजानं दोघांच्या बश्या सांडल्या. काकांनी बंदूक उचलली, नळी मोकळ्या परसाकडं फिरवली, मोडली, काडतूस नाही हे डोळ्यांनी पाहिलं, मग बोट घालूनही पाहिलं. “आधी हत्यार खाली, म्हंजे रिकामं, करायचं. मग चर्चा. इथं उलटं चाललंय. चर्चा भरलेली आणि बंदुकीचं कुणाला ठाऊक नाय.” काडतुसांचा डबा त्यांनी आत माजघरात पाठवला. साफसफाई चालू असताना दारूगोळा त्याच खोलीत नको, हा त्यांचा दुसरा नियम. तिसरा नियम पुतण्यानं विचारला, तेव्हा तो “गप बसायचं” असा निघाला.

काकांच्या बोलण्यात बंदूक म्हणजे एसएलआर. बेल्जियमच्या एफएएल रायफलीवरून इशापूरच्या कारखान्यात तयार झालेली, ७.६२ मिलिमीटरची, वीस गोळ्यांच्या मॅगझिनची खरीखुरी सेमी-ऑटोमॅटिक. १९६२ च्या युद्धात आपले जवान थ्री-नॉट-थ्रीनं लढले. त्या रायफलीत दर गोळीला हातानं बोल्ट मागं-पुढं करावा लागे. त्यानंतर एसएलआर हळूहळू सगळ्या पलटणींत पोचली आणि इन्सास ही पुढची रायफल येईपर्यंत पायदळाच्या खांद्यावर राहिली. तिचं तंत्र काका आजही हातवारे करून सांगतात. गोळी सुटली की तिच्यामागचा थोडा वायू नळीच्या भोकातून वर येतो, दट्ट्याला धक्का देतो, दट्ट्या बोल्टला मागं ढकलतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, आणि परतणाऱ्या बोल्टाबरोबर पुढची गोळी आत जाते. चाप मात्र दर वेळी तुम्हीच ओढायचा. वायूचा जोर कमी पडला तर पुंगळी अडकते. मग रेग्युलेटरची कडी फिरवून गॅस वाढवायचा.

“पण कडीला हात कवा लावायचा?” काकांनी सभेला विचारलं. सभा गप्प. “आधी साफ करायची. मग गोळी बदलून बघायची. मग मॅगझिन बदलून बघायचं. मग कडी. नवा जवान काय करायचा? पहिल्यांदा कडीच फिरवायचा. गॅस वाढवायचा. रायफल घाण ती घाणच, वर खांद्याला धक्का जास्त.”

ह्या क्रमात काकांचं सगळं आयुष्य आहे. घरातला पंप बिघडो, मिक्सर बिघडो की नातवाचं पोट, काका त्याच क्रमानं जातात. नातवाच्या बाबतीत तर रोगही गॅसचाच निघतो.

आता कुणी म्हणेल, बंदूक नवी आहे, तिला साफ कशाला करायची? हाच प्रश्न एका महासत्तेला पडला होता आणि तिला तो फार महाग गेला. १९६५ च्या सुमारास व्हिएतनामच्या जंगलात अमेरिकी सैनिकांच्या हातात एम-१६ ही नवी रायफल आली. हलकी, देखणी, प्लास्टिकच्या दस्त्याची. हिला साफ करावं लागत नाही, असा बोलबाला तिच्याबरोबर आला. त्यामुळं साफसफाईचं साहित्यही पुरेसं दिलं गेलं नाही. दरम्यान काडतुसातली दारू बदलली होती, तिची काजळी जास्त धरायची. गोळी बसते त्या भागाला क्रोमचा मुलामा नव्हता, आणि हवा आमच्या जुलैसारखी. व्हायचं तेच झालं. ऐन चकमकीत पुंगळ्या आत चिकटू लागल्या. सैनिकाला नळीत गज घालून त्या ठोकून काढाव्या लागत, आणि समोरचा शत्रू काही तेवढा वेळ थांबत नसे. माणसं गेली. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीनं चौकशी करून लष्कराचे कान उपटले. मग क्रोमचा मुलामा आला, साफसफाईचे संच आले आणि १९६८ मध्ये रायफल कशी पुसावी हे सांगणारं चक्क चित्रकथेचं पुस्तक आलं. ते विल आइस्नर या नावाजलेल्या चित्रकथाकारानं काढलेलं. रायफलीची निगा कशी राखायची हे एक सुंदर तरुणी सैनिकाला समजावून सांगते, अशी त्याची रचना. आमच्या हवालदारकाकांना हे काम मिश्यांच्या जोरावर करावं लागलं.

आपली इन्सासही काही तक्रारींतून सुटली नाही. १९९९ च्या कारगिल युद्धात कडाक्याच्या थंडीत तिची मॅगझिनं तडकल्याचं बरंच गाजलं. व्हिएतनामला दमट हवा, कारगिलला थंडी. रायफल कुठलीही असो, तिचा पहिला सामना शत्रूशी होतच नाही, हवेशी होतो. महाडला तर हवा आणि पाणी दोन्ही चालून येतात. २०२१ च्या जुलैमधला पूर ज्यांनी पाहिला, त्यांना कुलूपबंद कपाटातली वस्तू सुरक्षित असते हे आता कुणी पटवू शकणार नाही.

ओटीवर एव्हाना काकांनी जुनं वर्तमानपत्र अंथरलं होतं. नळी, दस्ता आणि पुढची लाकडी मूठ असे तीन भाग सुटे केले. चुकून हरवायला नको म्हणून बारीक वस्तू ताटलीत ठेवल्या. तात्यांच्या आईनं ती ताटली देवघरातली असल्याचं जाहीर केल्यावर बदलून घेतली. मग काकांनी गजाच्या टोकाला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळली आणि मागच्या बाजूनं नळीत सारून पुढं काढली.

चिंधी बाहेर आली ती तांबूस-चॉकलेटी. हाताला चिकट.

“हे काय?” तात्या.

“ग्रीस. कारखान्यातनं लावून पाठवतात, गंज चढू नये म्हणून. ते पुसायचं असतं. नवी वस्तू म्हणजे वापरायला तयार वस्तू नव्हं. ती फक्त पाठवायला तयार असते.”

दुसरी चिंधी पिवळी निघाली. तिसरी लाल. काकांनी चिंधी उजेडात धरली, नाकाशी नेली आणि तात्यांकडं पाहिलं. तात्यांनी आईकडं पाहिलं. आईनं आढ्याकडं पाहिलं.

पुढचा पंचनामा सगळ्यांच्या साक्षीनं झाला. काडतूस बसतं त्या भागात हळद आणि कुंकू ग्रीसमध्ये मुरून त्यांचा घट्ट लेप झालेला, म्हणून काडतूस चिकटलेलं. घोड्याच्या खाचेत एक अख्खी अक्षता. बिजागरीत झेंडूची वाळकी पाकळी. नळीच्या तोंडाशी, नारळाचं पाणी वाळलं होतं तिथं, गंजाचे बारीक ठिपके. पिनेच्या भोवतीचं ग्रीस रात्रीच्या गारव्यानं आवळलेलं, त्यामुळं घोडा पडला तरी पीन जोरानं पुढं जाईना. काडतुसाच्या टोपीवर ठसा उमटलेला, पण चिमणीनं चोच मारावी एवढाच. काकांनी रात्रीचं ते काडतूस दाराबाहेरूनच निरखलं आणि बाजूला ठेवायला लावलं. एकदा फुसकं गेलेलं काडतूस पुन्हा भरायचं नाही, ते रीतसर विक्रेत्याकडं परत द्यायचं.

मग काकांनी एकेक भाग कोरड्या फडक्यानं पुसला. जिथं फडकं पोचेना तिथं जुना दात घासायचा ब्रश घातला. बंदुकीच्या तेलाचे मोजून चार थेंब टाकले. पुतण्यानं तेलाची बाटली उपडी करायला घेतली, तेव्हा काका ओरडले, “भजी तळायचीत का? तेल जास्त झालं की धूळ धरतं. ग्रीस गेलं आणि तेलाचा चिखल झाला, तर कमावलं काय?” शेवटची चिंधी पांढरी येईपर्यंत गज चालला. काकांनी ती चिंधी सगळ्या सभेत फिरवली. पलटणीत मुआयन्याला साहेबाच्या पांढऱ्या रुमालाला डाग लागला तर काय होई, ते त्यांनी सविस्तर सांगितलं. त्यातले शब्द इथं छापता येणार नाहीत.

पीन काकांनी उघडली नाही. बाहेरून जेवढं साफ होईल तेवढं केलं आणि सांगितलं, “आतलं काम आपलं नव्हं. पीन आणि कमान परवानेवाल्या कारागिरानंच उघडायची. बिघाड कुठं आहे ते कळणं आणि तो आपण काढणं, ह्यात फरक असतो.” आमच्या भागातल्या निम्म्या दुचाकी ह्याच एका वाक्याच्या अभावी उभ्या आहेत.

तात्यांनी बंदूक कारागिराला दाखवून आणली. त्यानं उरलंसुरलं ग्रीस काढलं आणि पीन मोकळी केली. त्या रात्री डुकरं आली, तात्यांनी नळी आभाळाकडं करून चाप ओढला आणि असा बार झाला की पलीकडच्या वाडीतली कुत्री पहाटेपर्यंत भुंकत राहिली. डुकरं गेली. दोन बांध ओलांडून दुसऱ्याच्या खाचरात गेली, पण गेली.

दुसऱ्या दिवशी गावात निकाल लागला. बंदूक कशानं चालू झाली? बहुमत ग्रामदैवताच्या बाजूनं पडलं, कारण दरम्यान तात्यांच्या आईनं गुपचूप नारळ दिला होता. काही मतं कंपनीला गेली, “माल शेवटी चांगला होता” म्हणून. पुतण्यानं व्हिडिओला श्रेय दिलं. चिंधीला एकही मत पडलं नाही. हवालदारकाकांना त्याचं काही वाटलं नाही. आयुष्यभर साफसफाई करणाऱ्याला श्रेयाची सवय नसते. त्यांनी एवढंच सांगितलं की चिंध्या धुऊन ठेवा, पावसाळ्यात महिन्यातून दोनदा लागतील.

आपल्याकडं नव्या वस्तूचं कौतुक फार आणि निगा कमी. नवी म्हणून पुसायची नाही, जुनी झाली म्हणून पुसण्यात अर्थ नाही, अशा दोन कारणांच्या मधे वस्तूचं सगळं आयुष्य गंजत जातं. तेव्हा ज्यांच्याकडं परवान्याची बंदूक आहे त्यांना कळकळीची विनंती : हत्यार हातात घेतल्यावर पहिल्यांदा ते रिकामं आहे का बघा, नवं असेल तर कारखान्याचं ग्रीस पुसा, फुसकं काडतूस पुन्हा भरू नका आणि आतल्या कामाला कारागीर गाठा. खंडेनवमीला पूजा जरूर करा. पण हळदकुंकू दस्त्याला लावा आणि नारळ लांब फोडा. नळीला फक्त तेल चालतं, तेही चारच थेंब.